ऑपरेशनं केली तरी गल्लीत पिल्लं येतातच? आधी वही काढा, मग पिंजरा

2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या गल्लीतल्या अकरापैकी आठ मांजरांची ऑपरेशनं झाली. पकडायची, दवाखान्यात न्यायची, नसबंदी आणि रेबीजची लस, कानाचं टोक कापून घ्यायचं आणि पुन्हा जिथली तिथं सोडायची. सगळं रीतसर. मी खूश, गल्ली खूश. 25 मे ला तालमीच्या मागच्या लाकडाच्या ढिगातून चार पिल्लं रांगेनं बाहेर आली आणि शेजारच्या आजी मला हाक मारून म्हणाल्या, "काय गं, तुझं ऑपरेशन फेल गेलं की!"

ऑपरेशन फेल गेलं नव्हतं. हिशेब फेल गेला होता. आमची गल्ली कोल्हापुरात, गंगावेशीच्या दूध कट्ट्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यानंतर शुक्रवार पेठ, राजारामपुरी, कसबा बावडा अशा ठिकाणच्या लोकांचे फोन आले, आणि प्रत्येकाचं रडगाणं एकच: "एवढी मांजरं केली, तरी पिल्लं थांबंनात." पिंजरा बदलू का, डॉक्टर बदलू का, असं विचारतात. मी आधी विचारते, "वही आहे का?" बहुतेकांकडे नसते. तेव्हा माझीही नव्हती.

आठ म्हणजे नक्की कोण आठ?

त्या रात्री बसून मी आठवून आठवून लिहिलं. आठपैकी पाच बोके निघाले, भाट्या, म्हणजे माद्या, तीनच. हे असंच होतं, कारण जे मांजर माणसाला बुजत नाही, पायात घोटाळतं, मटणाच्या दुकानापुढं ठिय्या देऊन बसतं, ते बहुतेक वेळा बोका असतं. पिंजऱ्यात पहिल्यांदा तेच शिरतं. भाटी पिल्लांची काळजी असल्यानं सावध. आपण आठचा आकडा धरून बसतो आणि खरं काम तीनच झालेलं असतं.

पाच बोके केले म्हणून पिल्लं पाच हिश्श्यांनी कमी होत नाहीत. माजावर आलेल्या भाटीचा आवाज ऐकून चार गल्ल्या ओलांडून बोका येतो, आणि असा एक आला तरी पुरतो. उलट एक भाटी झाली की तिच्या पोटची पिलावळ कायमची थांबते. म्हणजे बोके करूच नयेत असं नाही. त्यांची भांडणं, रात्रीचं ओरडणं, दारावर मुतणं कमी होतं आणि शेजारी आपल्यावरचा राग आवरतात. पण मोजायच्या भाट्या. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आता एकच ओळ असते: "भाट्या एकूण किती, झाल्या किती, राहिल्या किती."

वही म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. शाळकरी शंभर पानी वही. एका मांजराला एक पान, पानावर नंबर, मोबाइलवर दोन्ही बाजूंनी काढलेला फोटो, कुणाच्या दारात खातं, कधी दिसतं, कान कापला का, आणि कापला तर कुठल्या तारखेला. आठवडाभर सकाळी साडेसहा आणि रात्री दहाला गल्लीतून एक फेरी मारायची. मी दुधाला जाता-येता करते. पहिल्या तीन दिवसांत सात मांजरं दिसतात, आठव्या दिवशी कळतं की अकरा आहेत.

बोका की भाटी?

इथं आमचा सगळ्यात मोठा घोटाळा झाला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तीन रंगांचं मांजर दिसलं, म्हणजे पांढरं-काळं-भगवं, तर डोळे झाकून भाटी लिहा. रंगाचं ते गणित जन्मातच असतं, तिरंगी बोका क्वचितच सापडतो. काळं-भगवं मिसळलेलंही तसंच. नुसतं भगवं असेल तर बोका असण्याची शक्यता जास्त, पण खात्री नाही. बाकी रंगांवरून काही कळत नाही. शेपटी वर करून चालताना मागून बघायचं: ऑपरेशन न झालेल्या बोक्याला शेपटीखाली दोन केसाळ गोळे स्पष्ट दिसतात. वयात आलेल्या बोक्याचे गाल फुगून तोंड रुंद होतं. पण नुसत्या तोंडावरून ठरवू नका.

कारण आमच्याकडे एक काळं-पांढरं मांजर होतं, मान जाड, तोंड ताटासारखं. तालमीच्या कौलांवर पाय ताणून पडायचं. पोरांनी नाव ठेवलं पैलवान. वहीत मीही बिनधास्त लिहिलं, "पैलवान, बोका, राहिला तरी चालेल." पहिल्या फेरीत त्याला धरायला गेलो तेव्हा पिंजऱ्याचा दरवाजा त्याच्या पाठीवर पडला, ते निसटलं, आणि त्यानंतर पिंजरा दिसला की दोन कौलं मागं सरकून बसायचं. बोकाच आहे, सोडा म्हटलं.

नोव्हेंबर 2023 ला उरलेल्या दोन भाट्या पकडल्या. वहीप्रमाणे काम संपलं. 2024 च्या चैत्रात परत तीन पिल्लं. मग मात्र मी दुपारच्या उन्हात गच्चीवर जाऊन बसले. पैलवान कौलांवर उताणं पडलं होतं. पोटावर आचळं गुलाबी, फुगलेली, आणि प्रत्येकाभोवती केस झिजून गोल टक्कल पडलेलं. दूध पाजणाऱ्या मांजरीची ही खूण लांबूनही दिसते, फक्त बघावी लागते. पैलवान भाटी होती! तालमीतल्या पोरांना सांगितलं तर एक जण म्हणाला, "नाद खुळा! बाईमाणूस पैलवान, मग काय हुतंय?" नाव बदललं नाही.

पिल्लं कुणाची, हे उलट मोजून काढा

पिल्लं दिसली की चिडण्याआधी त्यांचं वय बघा. डोळे जन्मानंतर साधारण एक ते दोन आठवड्यांत उघडतात. तीन-चार आठवड्यांनी धडपडत चालायला लागतात. डोळ्यांचा निळा रंग सहा-सात आठवड्यांपर्यंत टिकतो, मग बदलायला लागतो. मांजर गाभण राहते साधारण 63 ते 65 दिवस.

आता 25 मे ला लाकडाच्या ढिगातून निघालेली ती चार पिल्लं घ्या. धावत होती, डोळे निळेच, म्हणजे पाच आठवड्यांची. जन्म 20 एप्रिलच्या आसपास. त्यातून 64 दिवस मागं गेलं की 15 फेब्रुवारी. आमची ऑपरेशनं सुरू झाली फेब्रुवारीच्या शेवटी. म्हणजे आम्ही पिंजरे लावत होतो तेव्हा एक भाटी आधीच गाभण होती आणि आमच्या हातातून सुटली होती. वहीत न झालेल्या भाट्यांची नावं दोनच होती, शोधायला वेळ लागला नाही.

हेच उलट मोजणं आणखी दोन घोळ सोडवतं. एक, नुकत्याच ऑपरेशन झालेल्या बोक्याच्या शरीरात काही आठवडे बीज शिल्लक असतं. त्यामुळं "बोका महिन्यापूर्वी केला, तरी भाटी गाभण" हे होऊ शकतं, डॉक्टरला दोष नको. दोन, पाजणारी भाटी पुन्हा माजावर येऊ शकते. "आत्ताच व्याली आहे, आता चार महिने निवांत" हा हिशेब चुकीचा. आणि पोरगी चार-पाच महिन्यांची झाली की तीही गाभण राहू शकते. गेल्या वर्षीच्या पिल्लांना पिल्लंच समजत राहिलो तर तिथंच गणित फसतं.

लांब दिवस आले की मांजरी माजावर येतात. थंड देशांत त्याचा हंगाम ठरलेला असतो. आपल्याकडे उन्हाळा-हिवाळ्याच्या दिवसांत तेवढा फरक पडत नाही, त्यामुळं माज वर्षभर येऊ शकतो. आमच्या वहीत संक्रांतीनंतर ओरडा वाढतो आणि चैत्र-वैशाखात पिल्लं निघतात, पण मार्गशीर्षातही पिल्लं निघाली आहेत.

कान बघा, पण फाटलेला आणि कापलेला वेगळा

ऑपरेशन झालेल्या मांजराचा डावा कान वरून साधारण एक सेंटिमीटर सरळ कापतात, भुलीतच, म्हणजे त्याला कळतही नाही. लांबून ओळखायचा हा एकच मार्ग. भांडणात फाटलेला कान वेडावाकडा, खाच पडलेला असतो. कापलेला कान पट्टी लावून कापल्यासारखा सपाट. संध्याकाळी अंधारात दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून कानाची नोंद दिवसा करायची.

माझी एक तक्रार आहे ती इथं सांगते. एका दवाखान्यात आम्ही कान कापायला सांगूनही राहून गेला. "पाळीव आहे असं वाटलं," म्हणाले. तीच भाटी आठ महिन्यांनी दुसऱ्या कुणी पकडून दुसरीकडे नेली, पुन्हा भूल, पुन्हा पोट भादरलं, आणि आत काही नाहीच. एका जिवाला दोनदा भूल. तेव्हापासून मांजर ताब्यात घेताना पिंजऱ्याचं बारदान उचलून मी पहिल्यांदा कान बघते, आणि नसेल कापला तर परत आत पाठवते. लाजायचं नाही.

आता पिंजरा. मांजर येतच नाही, का?

आमचा पिंजरा उद्यमनगरातल्या एका वेल्डरकडून करून घेतला. अडीच फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच, मागच्या टोकाला पाय ठेवायची पट्टी, पट्टी दबली की पुढचं दार पडतं. पैलवानच्या पाठीवर दार पडलं कारण पहिला पिंजरा आखूड होता, पट्टी मध्येच होती. मांजर पूर्ण आत जाऊन शेपटीही आत आली पाहिजे, तोवर पट्टीवर पाय पडता कामा नये. जाळीची घरं बारीक घ्या, मोठ्या घरांतून पंजा बाहेर काढून नख उपटून घेतात. उंदराचा पिंजरा चालत नाही, लोक मोठ्या उमेदीनं घेऊन येतात म्हणून सांगितलं.

येत नाही याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. खाणं जाळीच्या बाहेरून पंजा घालून काढता येतंय. पिंजरा फरशीवर डगमगतोय. पायाखाली तारा टोचतात, त्यावर जुना 'पुढारी' नीट घडी घालून अंथरा आणि चिकटवा, वाऱ्यानं फडफडला की मांजर पळतं. पट्टी गंजून घट्ट झाली आहे, दीड किलोच्या वाटाण्याच्या पिशवीनं दाबून बघा, पडली पाहिजे. सगळ्यात वाईट म्हणजे पिंजरा चौकात, उघड्यावर ठेवलाय. भिंतीला लावून, वरून बारदान घालून ठेवा. मांजराला बोळ आवडतो, पिंजरा नाही.

पण खरं कारण पोट. आमच्या गल्लीत सहा घरं मांजरांना घालतात, त्यात कोपऱ्यावरचे मटणवाले मामा रोज वजडीची कातरणं टाकतात. असं पोट भरलेलं मांजर चार दाण्यांसाठी लोखंडी बोळात कशाला शिरेल? मामांना मी विनवलं, "मामा, उद्या एक दिवस टाकू नका." ते म्हणाले, "अगं, मी न्हाई टाकलं तर ती दुकानात येऊन मागत्यात, गिऱ्हाईक पळतंय." मग आम्ही तोडगा काढला: कातरणं मामांनी माझ्या डब्यात द्यायची, ती मी पिंजऱ्याच्या आत ठेवायची. आठवडाभर पिंजऱ्याचं दार तारेनं वर बांधून ठेवलं, खाणं फक्त आतच. आधी दाराशी, मग रोज वीतभर आत. आठव्या दिवशी तार सोडली.

कोल्हापुरात वार बघावाच लागतो. बुधवार, शुक्रवार, रविवार म्हणजे घरोघरी मटण, रात्री हाडं बाहेर, मांजरांची जेवणावळ. रविवारी रात्री पिंजरा लावणं म्हणजे लग्नातून जेवून आलेल्याला भाकरी वाढणं. सोमवारी संध्याकाळी लावा, मंगळवारी सकाळी ऑपरेशन. आखाडात तर नादच करू नका, गटारीपर्यंत अख्खी गल्ली रश्श्यात असते. श्रावणात उलट, दुकानं सुनी, मांजरं हाताला येतात. पण श्रावण म्हणजे पाऊस, टाके ओले होणार आणि मांजराला सोडायला कोरडी जागा मिळणार नाही. आम्हाला दोन्ही जमतात ते नवरात्रात. नऊ दिवस बहुतेक घरी मटण बंद, पाऊस सरलेला, आणि अजून थंडी नाही. फक्त महाद्वार रोडच्या गर्दीत पिंजरा घेऊन रिक्षा मिळणं कठीण, तेवढं सोसायचं.

आमिष म्हणून सुकट. थोडी कोमट पाण्यात भिजवायची, ते पाणी पिंजऱ्याच्या तोंडापासून आतपर्यंत थेंबाथेंबानं शिंपडायचं आणि शेवटी एक चमचाभर सुकट पट्टीच्या पलीकडं. जास्त घालायची नाही, कारण दुसऱ्या दिवशी भूल द्यायची आहे. मोठ्या मांजराला ऑपरेशनच्या आधी आठ ते बारा तास खाणं नको, पाणी चालतं. लहान पिल्लांना इतका वेळ उपाशी ठेवायचं नसतं, त्यांचं डॉक्टरला विचारा.

पिंजऱ्याला कायमची बुजलेली भाटी

पैलवानसाठी हे सगळं करून झालं होतं. ती पिंजऱ्याच्या दारात बसून आतली सुकट बघायची आणि निघून जायची. ऑगस्टमध्ये आजींनी सुचवलं, "कोंबडीवर डालगं टाकतात तसं टाका की." आजींचं माहेर करवीर तालुक्यातलं, तिथं परसात कोंबड्या. मी हसले, पण रात्री झोप येईना, कारण बरोबर होतं.

परदेशात अशा बुजलेल्या मांजरांसाठी वापरतात तो सापळाही असाच. वेताचं डालगं नको, मांजर ते उचलून पळतं. आम्ही लोखंडी नळीची तीन फूट बाय तीन फुटांची चौकट केली, दीड फूट उंच, भोवतीनं आणि वरून दाट नायलॉनची जाळी. एका बाजूला जाळीतच उघडझाप होणारी फळी, तिला बाहेरून लहान पिंजरा लावता येईल अशी. चौकटीची एक बाजू पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटलीवर टेकवायची, बाटलीला सुतळी बांधायची, आणि सुतळीचं टोक हातात धरून वीस फुटांवर बसायचं. सुतळी ओढली की बाटली सरकते, चौकट पडते. चांगली गोष्ट ही की आपण निवडू शकतो. चार कापलेल्या कानांची मांजरं येऊन खाऊन गेली तरी सुतळी ओढायची नाही.

2024 च्या नवरात्रात, पाचव्या माळेला, रात्री साडेदहाला तालमीच्या मागं ही चौकट लावली. वही मांडीवर, सुतळी बोटाला दोन फेरे. पहिला आला आमचा नंबर तीनचा बोका, खाऊन गेला. मग नंबर सात. साडेअकराला कौलांवरून काळी-पांढरी सावली खाली आली. चौकटीभोवती एक फेरी मारली. थांबली. मान खाली घालून पुढचे दोन पाय आत. मी श्वास धरला. इथं घाई करायची नाही. मागचे पाय आणि शेपटी आत येऊन ती खायला लागली, तोंड सुकटीत बुडालं, तेव्हा ओढली.

चौकट पडली तशी तिनं जाळीला एक धडक मारली, मग दुसरी. मी धावत जाऊन वर चादर टाकली. अंधार झाला की मांजर दहा-पंधरा सेकंदांत शांत बसतं. हे पहिल्यांदा बघाल तेव्हा विश्वास बसणार नाही. मग फळीपाशी लहान पिंजरा लावून, तिकडची बाजू उजेडात उघडी ठेवून फळी वर केली. ती स्वतःच त्या बाजूला गेली. माझा हात कुठंही लागला नाही. हाताचा मुद्दा पुन्हा सांगते: पोत्यानं धरू, मानगूट धरू, टॉवेल टाकून उचलू, यांतलं काही रस्त्यावरच्या मांजराशी करू नका. चावा बसला किंवा ओरखडा काढला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लशीसाठी जायचं. मांजराची लस झाली असली तरीही.

पाजणारी भाटी असेल तर आणखी एक गोष्ट. पिल्लं खूप लहान असतील आणि कुठं आहेत हे माहीत नसेल, तर तिला दोन दिवस अडकवून ठेवणं म्हणजे पिल्लं मारणं. पैलवानची पिल्लं तेव्हा सहा महिन्यांची, हिंडती झाली होती, म्हणून जमलं. नसती तर डॉक्टरांना सांगून दुसऱ्या दिवशीच परत आणली असती. ऑपरेशननं दूध आटत नाही, ती पिल्लांना पाजू शकते. अशा मांजरीचं ऑपरेशन पोटाच्या मधून न करता कुशीतून करतात, म्हणजे पाजताना टाक्यांवर ताण येत नाही.

घरी आणल्यावर चुका कुठं होतात

भुलीतून उठताना मांजर थंड पडतं. आमच्या न्हाणीत मी पुठ्ठ्यावर गोधडीचा तुकडा घालते, गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवते, अंगाला चिकटवून नाही. पूर्ण सावध होऊन नीट उभं राहीपर्यंत खायला घालायचं नाही. मग थोडंसं, आणि दूध नको. दूध कट्ट्याशेजारी राहून हे म्हणायला मला जड जातं, पण मोठ्या मांजराला दूध पचत नाही, ढाळ लागते आणि टाके खराब होतात. बोक्याला एक दिवस, भाटीला दोन-तीन दिवस आत ठेवायचं. हिरड्या पांढऱ्या दिसल्या, टाक्यातून रक्त ठिबकतच राहिलं, चोवीस तास काही खाल्लं नाही, तर वाट बघू नका.

आणि ही एक ओळ मोठ्यानं वाचा: मांजराला माणसाची तापाची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल त्याच्या यकृताला मोडता येत नाही, एक गोळी जीव घेते. जखमेला फिनेल, डेटॉल लावायचं नाही, पिंजराही त्यानं पुसायचा नाही. साबण-पाणी पुरे.

सोडताना जिथून उचललं तिथंच. "रंकाळ्याला सोडा, तिथं मासे मिळतील," "कळंब्याकडं नेऊन टाका," असं सांगणारे भेटतात. मोकळ्या झालेल्या जागेत महिन्याभरात दुसरं मांजर येतं, कान शाबूत असलेलं, आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर. आणि टाकून दिलेलं मांजर अनोळखी गल्लीत मार खाऊन मरतं. मारणं, अपंग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या 325 कलमाखाली गुन्हा आहे, आणि 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही आहे. पण गल्लीत कायदा काढला की भांडण होतं. आजी माझ्यापेक्षा चलाख. त्या म्हणतात, "मांजर मारलंस तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं बरं का. आज सोनं काय भाव?" तो माणूस निमूट निघून जातो. पहिल्यांदा त्याच आजी मला म्हणाल्या होत्या, "आई होऊ न देणं हे पाप हाय." पावसाळ्यात गटारीत भिजून मेलेली दोन पिल्लं उचलायला त्या माझ्याबरोबर आल्या, त्यानंतर हा विषय निघाला नाही.

सगळं नीट केलं, तरी परत

मग बाहेरून आलं. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांवर गेली की इशारा पातळी, 43 वर धोका पातळी. 2019 आणि 2021 ला पाणी खालच्या पेठांत शिरलं तेव्हा माणसं वर आली, तशी मांजरंही आली, आणि पूर उतरल्यावर सगळी परत गेली नाहीत. म्हणून पाऊस ओसरला की वहीची एक फेरी नव्यानं करायची. गणपतीच्या मंडपाच्या निमित्तानं रात्री जागरण असतंच, तेवढ्यात होते.

पैलवानला सोडलं तेव्हा ती दारातून बाणासारखी सुटली, तालमीच्या भिंतीवर चढली, आणि कौलावर बसून अर्धा तास कापलेला कान चाटत राहिली. नंतर महिनाभर माझ्याकडं पाठ करून बसायची. 2025 च्या चैत्रात पिल्लं निघाली नाहीत, वैशाखातही नाहीत. पण परवा रात्री मामांच्या दुकानाच्या शटरखाली एक भगवं-काळं मांजर दिसलं, लहानखुरं, सहा महिन्यांचं असेल. दोन्ही कान टोकदार. मोबाइलवर फोटो काढला, वहीत बारावं पान उघडलं, भाटी असं लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह टाकलं नाही. सोमवारसाठी सुकट आणून ठेवली आहे, आणि मामांना डबा दिला आहे.